दिवाळी अंक २०२५ : रंगाच्या सेटिंगची नोंदवही

१८ ऑगस्ट, सोमवार

दिवाळी अंकाचं काम आजपासून टेबलावर. तेरा फर्मे (एकत्र छापून दुमडायचे मोठे ताव), त्यातले तीन फोर कलर, बाकी एकरंगी. आत ८० जीएसएम मॅपलिथो (लेप नसलेला साधा कागद), कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्डावर, वर मॅट लॅमिनेशन. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत सगळ्या फाइल प्रेसकडे गेल्या पाहिजेत. मध्ये गणपती आहेत, आणि पुण्यात गणपतीत काम होतं असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

संपादकबाईंनी येवल्याच्या पैठणीवरच्या लेखाचे फोटो पाठवलेत. पदरावर मोर, काठ हिरवा, अंग राणी रंगाचं. एकच फोटो तिन्ही मशीनवर उघडला. मॅकवर ठीक. खिडकीजवळच्या विंडोज मशीनवर राणी रंग धुवून वाळत घातल्यासारखा. मधल्या मशीनवर इतका भडक, की मोराच्या पिसाऱ्यातली जरीची वीण दिसेचना, नुसता पिवळा ठिपका. फाइल एकच, पेन ड्राइव्हही तोच.

स्टुडिओतल्या आमच्या पोराचा लगेच प्रश्न, "ताई, रिसेट मारू का?" म्हटलं, थांब. आत्ता काय आहे ते आधी लिहून काढू.

१९ ऑगस्ट

तिन्ही मशीनवर फोटोशॉपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-के (मॅकवर कमांड-शिफ्ट-के) दाबून कलर सेटिंगची खिडकी उघडली आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवले. निघालं ते असं.

खिडकीजवळचं : आरजीबीची (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची) पॉलिसी, म्हणजे उघडलेल्या फाइलच्या रंगांचं काय करायचं तो नियम, 'ऑफ'. पूर्वी कोणीतरी प्रोफाइल (रंगाचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) जुळत नसल्याच्या सूचनेला वैतागून हे केलं असणार. ऑफ म्हणजे सूचना बंद, एवढंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात फाइलमधलं प्रोफाइल वर्किंग स्पेसपेक्षा (सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेल्या रंगमापापेक्षा) वेगळं असेल, तर फोटोशॉप ते उघडतानाच टाकून देतं. फोटोग्राफरने फोटो ॲडोबी आरजीबीमध्ये दिलेत आणि इथली वर्किंग स्पेस एसआरजीबी. मोठ्या पट्टीचे आकडे लहान पट्टीवर वाचले की रंग फिका पडणारच. राणी रंग का धुतला गेला ते इथेच कळलं.

मधलं : वर्किंग आरजीबीच्या जागी चक्क मॉनिटरचं प्रोफाइल. त्यावर पॉलिसी 'कन्व्हर्ट', म्हणजे उघडलेली प्रत्येक फाइल त्या एका पडद्याच्या मापात बसवली जाते. तो पडदा गेला की फाइलमधल्या रंगाला अर्थ राहत नाही. शिवाय सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया : सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) 'जपान कलर २००१ कोटेड' बसलेलं, कोणा निर्यातदाराच्या जुन्या कॅटलॉगपासून.

मॅक : हात न लावलेलं. 'नॉर्थ अमेरिका जनरल पर्पज २', म्हणजे एसआरजीबी आणि 'यू.एस. वेब कोटेड स्वॉप व्ही२'.

फोटोशॉपच्या शीर्षकपट्टीतही हे सगळं दिसत असतं, कोणी बघत नाही एवढंच. फाइलच्या नावापुढे कंसात आरजीबी, आठ आणि त्याला चिकटून चांदणी असेल, तर फाइलचं प्रोफाइल वर्किंग स्पेसपेक्षा वेगळं. हॅश असेल तर फाइलला प्रोफाइलच नाही. खिडकीजवळच्या मशीनवर पैठणीचे सगळे फोटो हॅशवाले.

२० ऑगस्ट

रिसेटवरून आज चहाच्या वेळी वाद. पोराचं म्हणणं, सगळीकडे रिसेट मारलं की तिन्ही मशीन सारखी होतील. होतील, पण कशासारखी? रिसेट मारल्यावर जे मिळतं ते अमेरिकेतल्या मासिकांच्या वेब ऑफसेट (रिळावरच्या) छपाईचं, कोटेड म्हणजे लेप दिलेल्या कागदाचं गणित. आपला अंक शीटफेड (सुट्या तावांच्या) मशीनवर, मॅपलिथोवर छापायचा. मॅपलिथो शाई पितो, ठिपका पसरतो, काळा कोळशासारखा करडा दिसतो. डीफॉल्टमध्ये यातलं काहीच धरलेलं नाही. तिन्ही मशीन मिळून एकसारखी चुकली, एवढाच काय तो फायदा.

आरजीबीचे तीन आकडे एकटे मुके असतात. २००, ३०, ११० म्हणजे नेमका कोणता राणी, हे प्रोफाइल सांगतं. त्यासाठीच १९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक, ॲग्फा वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम काढली. आयसीसी प्रोफाइलमधलं आयसीसी ते हेच. एसआरजीबी १९९६ ची, एचपी आणि मायक्रोसॉफ्टची, त्या काळच्या सामान्य पडद्यांच्या मापाची. ॲडोबी आरजीबी १९९८ ची, हिरव्या-निळसर बाजूला बरीच रुंद.

असाइन आणि कन्व्हर्ट यातला फरक पोराला सांगताना आईची बरणी उपयोगी पडली. असाइन म्हणजे बरणीवरची चिठ्ठी बदलणं. आतलं लोणचं आहे तेच, पण चिठ्ठीवर मुरांबा लिहिलं तर वाढणारा फसणार. कन्व्हर्ट म्हणजे आतला पदार्थच नव्याने करणं, चव शक्य तितकी तीच ठेवून. असाइनमध्ये आकडे तसेच राहतात आणि दिसणं बदलतं. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि दिसणं राखायचा प्रयत्न होतो.

२१ ऑगस्ट

प्रेसवर जाऊन आले. प्रेसच्या काकांना विचारलं, तुमच्याकडे मॅपलिथोचं प्रोफाइल आहे का? "अहो ताई, प्रोफाइल वगैरे आमच्याकडे नाही. तुम्ही फाइल द्या, सीटीपीवाला प्लेट काढेल. फक्त काळ्या जागी शाई कमी ठेवा. मागच्या वर्षी एका अंकाची पानं चिकटली, रात्रभर पंखे लावून बसलो होतो." मग आकड्यात बोललो. मॅपलिथोवर चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत. आर्ट कार्डावर ३३० पर्यंत चालेल.

आकडे मिळाले, काम झालं. प्रेसचं स्वतःचं प्रोफाइल नसेल तर त्या जातीच्या कागदाचं प्रमाणित प्रोफाइल घ्यायचं. युरोपियन कलर इनिशिएटिव्हच्या साइटवर ती फुकट मिळतात; जर्मनीतल्या फोग्रा या मुद्रण संशोधन संस्थेच्या मापनांवर बेतलेली. आतल्या पानांना 'पीएसओ अनकोटेड व्ही३', म्हणजे फोग्रा ५२. त्याची शाईमर्यादा ३००. कव्हरला 'कोटेड फोग्रा ३९', मर्यादा ३३०, सॉफ्टवेअरसोबत आधीच येतं. फोग्रा ५१ त्याहून नवं, पण कोटेड कागदाला सीटीपीवाला ३९ वरच काम करतो. त्याच्या हाताला जे बसलंय ते मोडायचं कारण नाही.

आपला मॅपलिथो आणि युरोपातला अनकोटेड कागद यांत फरक असणारच. आपला थोडा पिवळसर, कमी गुळगुळीत. तरीही अमेरिकन कोटेडपेक्षा हे कितीतरी जवळचं.

२२ ऑगस्ट

प्रोफाइलची फाइल विंडोजमध्ये राइट क्लिक करून 'इन्स्टॉल प्रोफाइल'. मॅकवर लायब्ररीतल्या कलरसिंक फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं की यादीत दिसतं.

मॅकवर नवं सेटिंग बांधलं. आरजीबी : एसआरजीबी. फोटोग्राफर ॲडोबी आरजीबी देतो म्हणून वर्किंग स्पेसही तीच ठेवावी, असा एक मतप्रवाह आहे. मला पटत नाही. जाहिराती, लेखकांचे फोटो, जुनी स्कॅन, यातलं बरंचसं विनाप्रोफाइल येतं आणि त्याचं मूळ बहुधा एसआरजीबीच असतं. अशा अनाथ फाइलींना वर्किंग स्पेस लागू होते. ज्यांना प्रोफाइल आहे त्यांना वर्किंग स्पेसशी देणंघेणं नाही, पॉलिसी 'प्रिझर्व्ह एम्बेडेड' असली की झालं. सीएमवायके : पीएसओ अनकोटेड व्ही३. तिन्ही पॉलिसी प्रिझर्व्ह. प्रोफाइल जुळलं नाही किंवा नसलंच तर विचारायच्या खुणा सुरू. इंटेंट (शाईत न बसणारे रंग कसे बसवायचे ती रीत) रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन सुरू.

'सेव्ह' करून नाव दिलं : 'अंक२५-मॅपलिथो'. ही सीएसएफ (कलर सेटिंगची) फाइल ॲडोबीच्या सामायिक कलर फोल्डरमधल्या सेटिंग्जमध्ये जाते. म्हणून एखाद्या सॉफ्टवेअरचं रिसेट मारलं तरी ती शाबूत राहते. पुसलं जातं ते चालू सेटिंग. पोराला हे दोनदा सांगितलं. फाइलची प्रत शेअर्ड ड्राइव्हवर टाकली, शेजारी दोन्ही प्रोफाइल.

२३ ऑगस्ट, शनिवार

ॲडोबीचं ब्रिज उघडून एडिट मेन्यूतल्या कलर सेटिंगमधून 'अंक२५-मॅपलिथो' निवडलं, ॲप्लाय. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन तिन्ही एका फटक्यात सारखी. 'तुमची ॲप्लिकेशन्स सिंक नाहीत' ही ओळ गेली. ब्रिज हे फक्त फोटो चाळायचं साधन आहे असं समजून लोक ते इन्स्टॉलच करत नाहीत.

मधलं मशीन पाच मिनिटांत सरळ झालं. त्याचं जुनं जपानी सेटिंगही आधी नाव देऊन सेव्ह केलं. तो निर्यातदार परत आला तर लागेल.

खिडकीजवळचं ऐकेना. सेटिंग बदलतं, फोटोशॉप बंद करून उघडलं की 'ऑफ' परत हजर. या मशीनचा यूपीएस मेलेला आहे, वीज गेली की सगळं धाडकन बंद. प्रीफरन्सची फाइलच खराब झालेली दिसते. इथे मात्र रिसेटला पर्याय नाही.

२५ ऑगस्ट

खिडकीजवळच्या मशीनचं रिसेट. क्रम असा ठेवला : आधी ॲक्शन, ब्रश, शॉर्टकट, वर्कस्पेस सेव्ह करून बाहेर काढले, कारण रिसेटमध्ये यातलं काय वाचेल यावर पैज लावण्यात अर्थ नाही. मग फोटोशॉप सुरू करताना लगेच कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट तिन्ही दाबून धरले. सेटिंगची फाइल काढून टाकू का, असं विचारतं, हो म्हटलं. उघडल्यावर कलर सेटिंग पाहिलं तर अपेक्षेप्रमाणे नॉर्थ अमेरिका. ब्रिजमधून आपलं परत लावलं. बंद करून उघडलं, टिकलं.

हुरूप येऊन पोराने इनडिझाइनचंही त्याच पद्धतीने साफ केलं. त्याची गरज नव्हती. दुपारी नव्या फ्रेममध्ये अनुक्रमणिका टाइप करायला घेतली तर 'लक्ष्मी'चे तुकडे, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला. पोरगा फॉन्ट बदलत बसला होता. फॉन्टचा दोष नाही. देवनागरीची जोडाक्षरं जुळवायला 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' लागतो, आणि रिसेटने डीफॉल्ट कंपोझर पुन्हा रोमन लिपीचा झाला. प्रीफरन्समधल्या ॲडव्हान्स्ड टाइपमध्ये जाऊन तो बदलला. आधीच्या फाइलमधल्या लेखांना काही झालं नाही, कारण कंपोझर त्यांच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये नोंदलेला आहे.

रंगासाठी रिसेट मारलं आणि वेलांट्या पडल्या. मराठी काम करणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

२६ ऑगस्ट

फक्त सामान आवरलं. उद्या चतुर्थी.

१ सप्टेंबर

मित्राकडून कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवायचं यंत्र) मागून आणला. लक्ष्य : पांढरा डी६५, गॅमा २.२, उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटर. मधल्या मशीनचा पडदा पूर्ण ब्राइटनेसवर आणि मॉनिटरच्याच मेन्यूत 'व्हिव्हिड' मोडवर होता. मोड स्टँडर्डवर आणून उजेड उतरवल्यावर पोराला वाटलं मॉनिटर बिघडला. दोन दिवसांत डोळा सरावतो.

संध्याकाळी सहानंतर मॅक सोडून दोन्ही पडदे नारिंगी. विंडोजची 'नाइट लाइट' वेळेवर सुरू होत होती! बंद केली. कॅलिब्रेशन कितीही नेमकं केलं तरी ही एक खूण सगळ्यावर पाणी ओतते. खिडकीला पडदाही हवा. दुपारी त्या मशीनवर रंग बघून कोणताही निर्णय घ्यायचा नाही असं ठरलं.

४ सप्टेंबर

लेखकांचे फोटो यायला लागले. आयफोनवरून आलेल्या फोटोंना 'डिस्प्ले पी३' प्रोफाइल असतं, आयफोन ७ पासून. आता पॉलिसी नीट असल्याने उघडताना विचारतं, आपण 'एम्बेडेड वापरा' म्हणतो, चांदणी दिसते, पुढे जातो. हेच फोटो गेल्या महिन्यात खिडकीजवळच्या मशीनवर उघडले असते तर सगळ्या कवींचे चेहरे आजारी निघाले असते.

एक नियम पक्का केला : फोटो सीएमवायके करायचे नाहीत. इमेज मेन्यूतला मोड बदलणं तर नाहीच. आरजीबीतच, प्रोफाइलसकट इनडिझाइनमध्ये ठेवायचे आणि पीडीएफ काढताना एकदाच रूपांतर. असं केलं की कागद बदलला तरी फोटो पुन्हा करायला लागत नाहीत. जुन्या सवयीचे लोक याला घाबरतात. प्रेसला आरजीबी जाईल असं त्यांना वाटतं. एक्सपोर्टमध्ये नीट सांगितलं तर जात नाही.

९ सप्टेंबर

विसर्जनाची झोप अजून पुरी झालेली नाही, पण पहिल्या रंगीत फर्म्याचं प्रूफ आलं.

पैठणीचा लेख. मजकूर नऊ पॉइंट. नुसत्या डोळ्याला अक्षरं जरा जाड, जरा मऊ वाटली. भिंग लावलं. 'विणकर'च्या वेलांटीला एका बाजूने गुलाबी किनार, दुसऱ्या बाजूने फिकट निळी. अनुस्वाराचा ठिपका तर एका रंगाचा नव्हताच, चार ठिपके एकमेकांवर थोडे सरकून बसलेले. म्हणजे मजकूर एका काळ्या शाईत नाही, चारही शायांत गेलाय. प्रूफरवर हे एवढंच. मशीनवर रजिस्टर (शाया एकावर एक नेमक्या बसणं) केसभर जरी आऊट झालं तर नऊ पॉइंटचा 'ष' आणि 'प' ओळखू येणार नाहीत.

इनडिझाइनमध्ये सेपरेशन प्रिव्ह्यू (एकेक शाई वेगळी दाखवणारा) उघडला (शिफ्ट-एफ६) आणि ब्लॅकचा डोळा बंद केला. मजकूर नाहीसा व्हायला हवा. मथळे गेले, फोटोओळी गेल्या, लेख तसाच करड्या-तपकिरी रंगात उभा. स्वॉचेसमध्ये उत्तर मिळालं : 'वर्ड' या नावाने सुरू होणारा आरजीबीतला काळा, शून्य-शून्य-शून्य. लेखकाने वर्डमध्ये अक्षरांना काळा रंग हाताने दिला होता. फाइल आत घेताना तो रंगही स्वॉच म्हणून सोबत आला. पडद्यावर त्याच्यात आणि इनडिझाइनच्या चौकटी कंसातल्या 'ब्लॅक'मध्ये काडीचा फरक दिसत नाही.

आरजीबीतला काळा सीएमवायकेत गेला की काय होतं त्याचे आकडे बघण्यासारखे आहेत. डीफॉल्ट स्वॉपमध्ये सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९०, बेरीज बरोबर ३००. फोग्रा ३९ मध्ये ९१, ७९, ६२, ९७, बेरीज ३२९. प्रोफाइल बदललं की काळ्याची पाककृती बदलते, पण चार शाया काही सुटत नाहीत. लहान अक्षराला हवा फक्त के १००.

उपाय सोपा. तो स्वॉच डिलीट करायचा, विचारल्यावर 'ब्लॅक' निवडायचा, अख्ख्या फाइलमध्ये बदलतो. त्यानंतर ब्लॅकचा डोळा पुन्हा बंद केला, लेख पुसला गेला, पानावर फक्त मोर राहिला. प्रत्येक वर्ड फाइल आत घेतल्यावर हे करायचं. प्रीफरन्सच्या 'अपिअरन्स ऑफ ब्लॅक'मध्ये पडद्यासाठी 'सगळे काळे अचूक दाखवा' निवडून ठेवलं. आता के १०० पडद्यावर करडा दिसतो आणि चार शायांचा काळा गडद, त्यामुळे चोर लांबूनच कळतो.

१३ सप्टेंबर

एकरंगी फर्मे पाहिले. त्यात रंगाचं काही नाही, जुने फोटो ग्रेस्केल आहेत याची खात्री केली.

१६ सप्टेंबर

कव्हर. चित्रकार सरांनी आयपॅडवर केलेलं चित्र, रात्रीचं आभाळ आणि खाली पणत्यांची रांग. आभाळ गडद, झगझगीत निळं. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावरच, लावलं (फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय) आणि आभाळ जांभळं झालं.

हे नेहमीचं आहे. पडद्यावरचा शुद्ध निळा, ०-०-२५५, शाईत अस्तित्वातच नाही. स्वॉपमध्ये त्याचं सी ८८ एम ७७ होतं, आणि सायनच्या इतक्या जवळ मॅजेंटा आला की डोळ्याला जांभळाच दिसतो. इंटेंट परसेप्चुअल करून पाहिला. आभाळातल्या छटा थोड्या मोकळ्या झाल्या, जांभळेपणा गेला नाही. सेटिंगने सुटणारी ही गोष्ट नव्हे.

सर स्टुडिओत आले. म्हणाले, "माझ्या स्क्रीनवर तर निळंच आहे. तुमच्या सॉफ्टवेअरने घोळ केलाय." मी म्हटलं, "सर, सॉफ्टवेअर फक्त आधी सांगतंय. प्रेस नंतर सांगेल." मग गॅमट वॉर्निंग, म्हणजे शाईत न येणाऱ्या रंगांची खूण, सुरू केली (कंट्रोल-शिफ्ट-वाय). अर्ध्याहून जास्त आभाळ करड्या डागांनी भरलं, पणत्यांच्या ज्योतींची टोकंही. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, मग किती देता येईल ते दाखवा."

सॉफ्ट प्रूफ सुरू ठेवूनच त्यांच्या समोर काम केलं. आभाळाची छटा सायनकडे ओढली, मॅजेंटा सायनपेक्षा किमान तीस टक्के खाली ठेवला. झगझगीतपणा गेला; निळा राहिला. पणत्यांच्या ज्योती मात्र सुंदर आल्या, पिवळा आणि नारिंगी शाईला चांगला जमतो. सरांना शेवटी उजेड-अंधारातला फरक हवा होता, तो ज्योतींमुळे मिळाला. जाताना म्हणाले, पुढच्या वेळी प्रोफाइल आधी पाठवा, आयपॅडमध्ये घालून त्यातच चित्र काढतो. पाठवणार.

कव्हर वेगळी इनडिझाइन फाइल आहे. ती उघडून एडिट मेन्यूतल्या 'असाइन प्रोफाइल्स'मधून तिला कोटेड फोग्रा ३९ दिलं. वर्किंग स्पेसला हात नाही. कव्हरपुरतं सेटिंग बदलायचं आणि नंतर आठवणीने परत आणायचं, हा खेळ आमच्याकडे बंद.

१९ सप्टेंबर

जाहिराती. एक सराफ, एक सहली नेणारे, एक क्लास, दोन मिठाईवाले. निम्म्या कोरलड्रॉमध्ये, फ्लेक्सवाल्याकडून.

कोरलड्रॉमध्ये दोन वेगळी सेटिंग असतात आणि तिथेच गोंधळ होतो. टूल्समधल्या कलर मॅनेजमेंटमध्ये एक 'डीफॉल्ट', जे पुढच्या नव्या फाइलना लागतं, आणि एक 'डॉक्युमेंट', जे चालू फाइलसोबत राहतं. लोक पहिलं बदलतात आणि उघडलेल्या फाइलमध्ये फरक का पडत नाही म्हणून डोकं धरतात. एफ८ दाबून कोरल सुरू केलं की वर्कस्पेस मूळ पदावर येते. फाइलच्या आतलं सेटिंग त्याने बदलत नाही.

सराफाची जाहिरात : काळ्या पार्श्वभूमीवर हार. पीडीएफ ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये घातली, शाईची बेरीज ४००. सी, एम, वाय, के चारही शंभर. फ्लेक्सवर चालून जातं, मॅपलिथोवर हे पान चार दिवस वाळणार नाही. पार्श्वभूमी के १०० आणि सी ४० केली. सराफांच्या माणसाने फोनवर विचारलं, "काळा कमी काळा दिसणार नाही ना?" म्हटलं, "दिसेल, पण मागच्या पानावर तुमचा हार उमटणार नाही."

मिठाईवाल्यांचा नारिंगी त्यांच्या खोक्यावर खास शाईत छापलेला आहे. चार शायांत तो तसा येत नाही हे लेखी कळवलं आणि प्रूफवर सही मागितली. सही अजून आलेली नाही.

२३ सप्टेंबर

इनडिझाइनमध्ये सेपरेशन प्रिव्ह्यूला 'इंक लिमिट' ३०० वर ठेवून तिन्ही रंगीत फर्मे चाळले. मर्यादेबाहेरची जागा लाल दिसते. पैठणीचं एकही पान लाल नाही. लाल झाली ती दोन छायाचित्रं, दोन्ही लेखकाने 'छपाईसाठी तयार' म्हणून सीएमवायके करून पाठवलेली, फोग्रा ३९ मध्ये. इनडिझाइनमध्ये आपली पॉलिसी सीएमवायकेचे आकडे जसेच्या तसे ठेवायची आहे, म्हणून ते प्रोफाइल बाजूला राहिलं आणि कोटेड कागदाचे आकडे मॅपलिथोवर आले. आरजीबी मूळ मागवलं, एकाचं मिळालं. दुसरं फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'ने पीएसओ अनकोटेडमध्ये नेलं. चालेल.

२६ सप्टेंबर

पीडीएफ. प्रेसला एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) हवी. आउटपुटमध्ये 'कन्व्हर्ट टू डेस्टिनेशन, प्रिझर्व्ह नंबर्स'. आतल्या पानांना डेस्टिनेशन पीएसओ अनकोटेड व्ही३, कव्हरला फोग्रा ३९. प्रिझर्व्ह नंबर्स म्हटल्यामुळे के १०० चा मजकूर के १०० राहतो. ती ओळ सुटली आणि नुसतं 'कन्व्हर्ट' राहिलं, तर इतर प्रोफाइलचा काळा पुन्हा चार शायांत फुटू शकतो. ॲक्रोबॅटमध्ये ब्लॅक बंद करून प्रत्येक फर्म्याचं पहिलं, मधलं, शेवटचं पान पाहिलं. गेलं प्रेसला.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज पहिला रंगीत फर्मा मशीनवरून उतरला. काकांनी अंगठ्याने काळ्या भागावर जोरात घासून दाखवलं, बोट कोरडं. राणी रंग पडद्यावरच्यापेक्षा बसका आहे, पण सॉफ्ट प्रूफमध्ये 'सिम्युलेट पेपर कलर'ची खूण लावल्यावर दिसला होता तेवढाच बसका. संपादकबाईंना तो आधीच दाखवला होता, त्यामुळे फोन आला तो फक्त अभिनंदनाचा. जरीची वीण दिसते. मोराच्या हिरव्यात थोडा पिवळा जास्त उतरलाय, तो कागदाचा. मिठाईवाल्यांची सही अजून नाही, त्यांचं पान शेवटच्या फर्म्यात आहे म्हणून निभावतंय.

७ ऑक्टोबर

मिठाईवाल्यांची सही आली. शेवटचा फर्मा सुटला.

शेअर्ड ड्राइव्हवर अंकाच्या फोल्डरमध्ये सीएसएफ, दोन्ही प्रोफाइल आणि प्रेसचे शाईचे आकडे एकत्र ठेवले. खिडकीजवळच्या मशीनला नवा यूपीएस लावला.

आज एका पतपेढीच्या कॅलेंडरचं काम आलं. बारा पानं, गडकिल्ल्यांचे फोटो. पोराने फोटोशॉप उघडून विचारलं, "ताई, अंकाचंच सेटिंग ठेवू?" पतपेढीच्या साहेबांना फोन केला, कागद आर्ट की मॅपलिथो हे संचालकांच्या बैठकीनंतर कळेल म्हणाले. तोपर्यंत फोटो आरजीबीतच निवडतोय आणि तिथी-वारांचं कंपोझिंग सुरू केलंय.